घरगुती उद्योग आणि गृहस्थाचा धम्म

(बुद्ध पौर्णिमेनिमित्त कर्वेनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस अभिवादन करून आम्ही बोलावयास उभे आहोत. आम्ही कोणी विचारवंत नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि बँकेच्या काउंटरवर बसलो, एवढीच आमची ओळख. तरीही मंडळाने हा विषय आमच्याकडे सोपविला, कारण आमच्या घरात एक उद्योग बुडाला आहे आणि एक तगला आहे. दोन्ही आमच्याच हातून झाले.

आपल्या वस्तीत आज कितीतरी भगिनी घरबसल्या काही ना काही करतात. कोणी पोळी-भाजीचे डबे देते, कोणी ब्लाउज शिवते, कोणी दिवाळीचा फराळ करते, कोणी शिकवणी घेते. या भगिनी आम्हाला बँकेत भेटतात, बुद्धविहारात भेटतात आणि बहुतेकींचा प्रश्न एकच असतो. "दादा, पहिले दोन-तीन महिने हुरूप असतो. मग मन लागत नाही. घरचे आणि धंद्याचे सगळे एकात एक होऊन जाते. काय करावे?"

या प्रश्नाचे उत्तर मनाला चार उपदेश करून मिळत नाही, असे आमच्या अनुभवास आले आहे. हुरूप पाहुण्यासारखा असतो, येतो तसा जातो. तो गेल्यावरही काम चालू राहील अशी घडी घरात बसवावी लागते. ती घडी बसली की हुरूप पुन्हा परत येतो.

प्रथम बुडालेल्या उद्योगाविषयी सांगतो. २०१३ च्या उन्हाळ्यात आमच्या पत्नीने पापड, कुरडया आणि काळा मसाला करून विकावयास सुरुवात केली. माल उत्तम होता. पण वेळ ठरलेली नव्हती. सवड मिळेल तेव्हा काम चाले. शेजारीपाजारी "घरीच तर असतेस" म्हणून मुले सांभाळावयास ठेवून जात. नातेवाईक "लिहून ठेव" म्हणून माल नेत आणि लिहून कोणीच ठेवीत नसे. विक्रीचे पैसे फडताळातल्या एका डब्यात पडत. त्याच डब्यातून दूध, रिक्षा, मुलीची फी आणि पाहुण्यांचा चहा हे सारे जाई. पुढच्या पावसाळ्यात वाळवण्याची पंचाईत झाली आणि उद्योग बंद पडला. नफा झाला की तोटा, हे आजतागायत कोणालाही सांगता येणार नाही.

बंधू-भगिनींनो, आम्ही दिवसभर दुसऱ्यांच्या नोटा मोजतो. संध्याकाळी कॅश जुळली नाही तर आम्हाला घरी जाता येत नाही. अशा माणसाच्या घरात वर्षभर धंदा चालला आणि एक दिवसही कॅश जुळविली गेली नाही! "ती काय, घरातली हौस आहे," असेच आम्ही धरून चाललो होतो. दोष पत्नीचा नव्हता. आम्ही त्या कामाला काम मानले नाही, हा खरा दोष होता.

२०१८ साली पत्नीने पुन्हा उमेद धरली आणि डबे सुरू केले. आपले कर्वेनगर म्हणजे जुने हिंगणे बुद्रुक. महर्षी कर्वे यांच्या संस्थेमुळे येथे मुलींच्या शिक्षणाची परंपरा आहे. मुलींसाठीचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालयही १९९१ पासून येथे आहे. बाहेरगावच्या शेकडो मुली आसपास खोल्या घेऊन राहतात आणि त्यांना घरचे जेवण हवे असते. डबे सुरू करण्यापूर्वी मात्र आम्ही एक पाठ पुन्हा वाचला. आजच्या भाषणाचा आधार तोच आहे.

अंगुत्तर निकायात दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाची कथा आहे. तो तथागतांकडे येतो आणि सांगतो की, आम्ही बायकामुलांच्या रगाड्यात राहणारी माणसे आहोत, आम्हाला झेपेल असे काही सांगा. तथागत त्याला संसार सोडावयास सांगत नाहीत. ते त्याला चार गोष्टी सांगतात: उट्ठानसंपदा, आरक्खसंपदा, कल्याणमित्तता आणि समजीविता. उद्योगशीलता, मिळविलेल्याचे रक्षण, चांगल्यांची संगत आणि बेताचे जगणे, असा त्यांचा सोपा अर्थ. घरगुती उद्योग करणाऱ्या बाईला याहून अधिक काय सांगावयाचे?

पहिली गोष्ट उट्ठानसंपदा, म्हणजे उठून कामाला लागणे. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी आळशी माणसाच्या सहा सबबी सांगितल्या आहेत. फार थंडी आहे, फार ऊन आहे, फार उशीर झाला, अजून फार लवकर आहे, भूक लागली आहे, पोट फार भरले आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी कालच आमच्या स्वयंपाकघरात बसून केली असावी असे वाटते! कार्यालयात सबब चालत नाही, कारण तेथे हजेरीपट असतो. घरात हजेरीपट नसतो, म्हणून तो आपण करावयाचा.

आम्ही असे केले. सकाळी साडेपाच ते साडेदहा ही डब्यांची वेळ ठरविली. या पाच तासांत पत्नी घरी असली तरी ती कामावर आहे, हे घरातल्यांना आणि शेजाऱ्यांना नम्रपणे, पण स्पष्ट सांगितले. फोन मुलीकडे दिला. रात्री भाजी निवडणे आणि चिरणे हे काम आम्ही घेतले. पहिले काही दिवस कांदा फार जाड चिरला जाई आणि त्यावरून बोलणीही खाल्ली. बँकेत जाता जाता डबे पोचविणेही आमच्याकडे आले. रविवारी सुट्टी, हे गिऱ्हाइकांना पहिल्याच दिवशी सांगून टाकले. सुट्टी नसलेला उद्योग सहा महिन्यांत माणसाला विटवतो. भिंतीवर एक कागद लावला. आठवड्याच्या भाज्या, बाजाराचा वार, पीठ दळण्याचा वार, सारे त्यावर लिहिलेले. रोज सकाळी "आज काय करू?" हा प्रश्न पडला नाही की निम्मा शीण उतरतो.

अडचण आली की हात टेकू नयेत, हेही उट्ठानातच येते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी उसन्या ८० रुपयांवर पापड लाटावयास सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. तीच पुढे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था झाली. पहिल्या पावसाळ्यात वाळवण होईना म्हणून त्यांना चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. पापड खाटेवर आणि खाली पेटता स्टोव्ह! पावसाळ्याचे काम सुटले. आमच्या पापडांनाही पाऊसच आडवा आला होता. त्यांनी खाट आणली, आम्ही हात टेकले.

दुसरी गोष्ट आरक्खसंपदा, मिळविलेल्याचे रक्षण. दीघजाणूला सांगताना तथागतांनी तराजू धरणाऱ्याचा दाखला दिला आहे. तराजू उचलताच पारडे किती खाली गेले, किती वर आले, हे त्याला कळते. गृहस्थाला आपली आवक-जावक तशी कळली पाहिजे. विद्यार्थी मित्रांनो, येथे थोडे गणित करू. आमच्याच वहीतले जुने आकडे सांगतो.

एका डब्याचे ६० रुपये मिळत. पीठ, भाजी, डाळ, तेल यांना ३१ रुपये लागत. म्हणजे २९ रुपये सुटतात, असे आम्ही धरले होते. २० डबे आणि महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १५,०८० रुपये. आम्ही खूश होतो. पण महिना अखेरीस हातात तेवढे काही दिसेना. तेव्हा आमची मुलगी वही घेऊन बसली आणि तिने विचारले, "बाबा, गॅस कोणाच्या पैशाने येतो? तुमच्या स्कूटरचे पेट्रोल?" गॅस डब्यामागे ५ रुपये, पोचविण्याचा खर्च ६, साबण आणि डब्यांची झीज २. असे १३ रुपये आमच्या पगारातून गुपचूप जात होते. खरे सुटत होते १६ रुपये, म्हणजे महिन्याचे ८,३२० आणि तासाचे ६४. उरलेले ६,७६० रुपये आमच्या पगाराचे होते आणि आम्ही त्यांना नफा म्हणत होतो!

त्या दिवसापासून तीन नियम केले. उद्योगाचे पैसे वेगळ्या खात्यात. मोबाइलवरून पैसे घेण्याचा क्यूआर कोडही त्याच खात्याचा. रोज रात्री दहा मिनिटे वही, आणि उधारी एका महिन्याच्या वर नाही. भले सख्खा मामा का असेना! शिवाय आपण करतो तो धंदा आहे, म्हणून घरचा सिलिंडर वापरू नये, व्यावसायिक घ्यावा. खाद्यपदार्थ विकणाऱ्याने अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणीही करून घ्यावी. नियमाने चालणाऱ्याला कोणाला घाबरावे लागत नाही.

सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग खाण्यापिण्यासाठी, दोन भाग उद्योगात आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवावा. घरगुती उद्योगात दोन भाग परत घालणे दर महिन्याला जमेलच असे नाही. पण चौथा भाग मात्र जमवावाच.

आणखी एक गोष्ट बँकेच्या माणसाने सांगितलीच पाहिजे. २०१५ साली मुद्रा योजना सुरू झाली. तिच्या शिशू गटात ५० हजारांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळते. आमच्यासमोर भगिनी अर्ज घेऊन येतात. त्यांचे काम चोख असते, पण "महिन्याची विक्री किती?" असे विचारले की त्या एकमेकींकडे पाहतात. खात्यात काही दिसत नाही, कारण सारा व्यवहार डब्यात झालेला असतो. वही नसेल तर आपली मेहनत आपल्याखेरीज कोणालाच दिसत नाही.

तिसरी गोष्ट कल्याणमित्तता. याविषयी बोलताना आवाज जड होतो, ते समजून घ्यावे.

२०१९ साली एक पालक आगाऊ पैसे द्यावयास घरी आले. मुलीच्या जेवणाची त्यांनी तारीफ केली. पाणी पुढे केले, तेव्हा त्यांची नजर भिंतीवरच्या तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीकडे गेली. मग आडनाव विचारले. पाण्याचा पेला तसाच राहिला. पुढच्या महिन्यापासून त्यांच्या मुलीचा आणि तिच्या तीन मैत्रिणींचा डबा बंद झाला. कारण कोणी सांगितले नाही. सांगण्याची गरजही नव्हती. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. पण बंद केलेल्या डब्याची तक्रार कोणत्या चौकीत लिहावयाची?

आठ दिवस आमची चूल डब्यांसाठी पेटली नाही. पत्नी म्हणाली, "अहो, माझ्या हाताला चव आहे असं म्हणायचे तेच लोक." काही हितचिंतकांनी तसबीर आतल्या खोलीत लावा, असे सुचविले. आम्ही ती हलविली नाही. पण मन मोडले होते, हे खरे.

मग दोन गोष्टी घडल्या. पहिली वहीची. मुलीने हिशेब मांडला. २० पैकी ४ डबे गेले. दिवसाचे ६४ रुपये, महिन्याचे १,६६४. मनाला वाटत होते सारे गेले. वही सांगत होती १६ डबे अजून आपली वाट पाहत आहेत. अपमानाचा हिशेब वहीत मांडता येत नाही, हे आम्हाला कळते. परंतु अपमान किती मोठा आणि नुकसान किती, हे वेगळे करून दाखविण्याचे काम वहीने केले. दुसरी गोष्ट आपल्या विहारातल्या भगिनींची. त्या दोघी-तिघी पहाटे न बोलावता आल्या, परात ओढली आणि कणीक मळावयास बसल्या. त्यांनी उपदेश केला नाही. नवव्या दिवशी डबे गेले.

बाबासाहेबांनाही हे चुकले नाही. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आल्यावर, १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होण्यापूर्वी, त्यांनी मुंबईत गुंतवणुकीविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. जात कळल्यावर गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो बंद पडला. अर्थशास्त्राच्या त्या प्रकांड पंडिताचा सल्ला नाकारण्यात नुकसान कोणाचे झाले? आणि माता रमाई! बाबासाहेब शिकत असताना त्यांनी गोवऱ्या थापून विकल्या आणि संसार रेटला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आपल्या समाजातला घरगुती उद्योग रमाईंच्या हातून आलेला आहे. त्याला हौस म्हणण्याचा अधिकार आम्हा पुरुषांना नाही.

संगतीने काय होते याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका वाण्याच्या आणि सावकाराच्या कर्जात बुडालेल्या असत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. एकमेकींच्या हमीवर राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांना मिळू लागले. एकटीला जी बँक दारात उभी करीत नव्हती, ती गटाला खुर्ची देऊ लागली. लिज्जतमध्येही सकाळी शाखेतून मळलेले पीठ न्यावयाचे, घरी लाटावयाचे, दुसऱ्या दिवशी पापड वजन करून द्यावयाचे, अशी पद्धत आहे. लाटणे घरी, पण शिस्त सर्वांची. तेथे सभासद होताना जात-धर्म पाहत नाहीत, काम पाहतात. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

चौथी गोष्ट समजीविता. ना उधळपट्टी, ना पोटाला चिमटा. झेपेल एवढेच काम घ्यावे, हाही तिचाच अर्थ. एकदा आम्ही लोभाने एका कार्यक्रमाची दीडशे माणसांची ऑर्डर घेतली. पैसे मिळाले; पण पत्नी चार दिवस अंथरुणाला खिळली आणि रोजचे डबे बुडाले. वहीत ते चार दिवस कोरे आहेत. तेच आमचे शिक्षण.

एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर सारा भार टाकू नये, हेही आम्ही अनुभवाने शिकलो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, मुली गावी गेल्या आणि एका आठवड्यात सारे डबे थांबले. तेव्हा चौथ्या भागाची शिल्लक कामी आली. पुढे परिसरात एकटे राहणाऱ्या वृद्धांचे डबे सुरू झाले. आज निम्मे डबे त्यांचेच आहेत.

दीघजाणूला तथागतांनी तळ्याचाही दाखला दिला. तळ्यात पाणी येण्याच्या वाटा असतात आणि जाण्याच्याही. बाहेरख्यालीपणा, दारू, जुगार आणि वाईट संगत या चार वाटांनी घराचे तळे आटते. हे ऐकावयास कटू वाटेल, पण बोलणे भाग आहे. बाई पहाटे उठून पोळ्या लाटते आणि तिचा नवरा तिच्याच डब्यातल्या नोटा गुत्त्यावर नेतो, अशी घरे आपल्यात नाहीत काय? पंचशील म्हणताना पाचवे शील आपण मोठ्याने म्हणतो. त्या बाईच्या वहीत ते दिसले पाहिजे.

ज्यांच्या नावाने आपली वस्ती ओळखली जाते, त्या महर्षी कर्व्यांनी १९०० च्या सुमारास हिंगण्याच्या माळावर झोपडी उभारली. महाविद्यालयात शिकविणे आणि आश्रमाचे काम यांसाठी ते रोज पायी ये-जा करीत. सुरुवातीला त्या आश्रमात उच्चवर्णीय विधवांनाच प्रवेश होता, हे आपण विसरत नाही. पुढे १९४४ साली त्यांनीच समता संघ काढला. त्यांचे त्या पायवाटेवरचे सातत्य मात्र घेण्यासारखे आहे. त्या वाटेने जाताना त्यांना रोज हुरूप असेलच असे नाही. पण पाय रोज पडत होते.

शेवटी एक मागणे. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही शिकलात ते कोणाच्या तरी लाटण्यावर, शिवणयंत्रावर. आपल्या मंडळात दर रविवारी एक तास बसा. एकेका भगिनीची वही तिच्याशेजारी बसून लिहा. तिची चूक काढू नका, तिला विचारा. आणि बंधूंनो, उद्या पहाटे घरातली बाई उठेल तेव्हा तिच्याबरोबर उठा. कांदा जाड चिरला तरी चालेल.

आमच्या घरात ती पहिली वही अजून आहे. कडांना तेल लागले आहे, पाने पिवळी पडली आहेत. मन खचले की पत्नी तीच उघडते. नवव्या दिवसाच्या पानावर तिच्या हातचे दोनच शब्द आहेत: "डबे १६".

 

भवतु सब्ब मंगलम्. जय भीम!